आयरिश स्वातंत्र्ययुद्धांतील प्रतिसरकार (इ. स. १९१६ ते १९२३)

आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास महाराष्ट्रांत गेलीं शंभर वर्षें वाचला जात आहे, परंतु तो बहुधा वीरचरित्रांच्या रूपानें. पियर्सनें डब्लिनच्या टपालकचेरीसमोर वाचलेला जाहीरनामा, जखमी कॉनोलीस खुर्चीला बांधून घातलेल्या गोळ्या, टेरेन्स मॅक्स्विनीचा चौऱ्याहत्तर दिवसांचा प्राणांतिक उपवास, मायकेल कॉलिन्सचें हेरखातें, या गोष्टी आपल्याकडील मागच्या पिढ्यांच्या तोंडीं होत्या, व त्या तशा असाव्यात हें योग्यच आहे. तथापि चरित्रांची माळ ओवल्यानें कार्यकारणभाव हातीं लागत नाहीं. इ. स. १९१६ च्या एप्रिलांत जें बंड सहा दिवसांत मोडलें, ज्याच्या कैद्यांस खुद्द डब्लिनच्या रस्त्यांतून लोकांच्या शिव्या खात जावें लागलें, त्याच पक्षाच्या प्रतिनिधींशीं इ. स. १९२१ च्या ६ डिसेंबर रोजीं ब्रिटिश मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांस तहावर सही करावी लागली. मधल्या पांच वर्षें सात महिन्यांत असें काय घडलें, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें रूढ आहेत. हुतात्म्यांच्या रक्तानें राष्ट्र जागें झालें, हें पहिलें. गनिमी काव्यानें इंग्रजी फौजेस जेरीस आणलें, हें दुसरें. दोहोंतही सत्यांश आहे. परंतु दोन्ही मिळूनही उत्तर पुरें होत नाहीं असें आमचें मत आहे. आयरिश लोकांनीं इंग्रजी राज्य मोडण्याच्या आधींच त्याच्या शेजारीं आपलें दुसरें राज्य उभें केलें होतें, आणि त्या राज्यास निवडून आलेली सभा, खजिना, कर्जरोखे, न्यायालयें, पोलीस व स्थानिक कारभार अशीं सर्व अंगें होतीं, हें तिसरें कारण आम्ही येथें मांडणार आहों. ‘प्रतिसरकार’ हा शब्द सातारा जिल्ह्यांतील इ. स. १९४३ ते १९४६ च्या चळवळीमुळें मराठी वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. तोच आम्हीं येथें योजिला आहे. एकावरून दुसरें निघालें असें मात्र आम्हांस सुचवावयाचें नाहीं.

१. साधनांविषयीं

या काळाचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार आयरिश सभेचीं तत्कालीन इतिवृत्तें, हुकूमनामे व खात्यांचे अहवाल यांचा. दुसरा प्रकार इंग्रजी दप्तराचा. त्यांत आयर्लंडांतील सरकारी पोलिसांच्या परगणावार अधिकाऱ्यांनीं दरमहा पाठविलेले गुप्त अहवाल विशेष महत्त्वाचे आहेत, कारण शत्रूनें आपल्या वरिष्ठास खाजगी रीतीनें दिलेली कबुली ही मोठ्या योग्यतेची साक्ष होय. तिसरा प्रकार आठवणींचा. आयरिश सरकारनें इ. स. १९४७ मध्यें एक स्वतंत्र कचेरी काढून युद्धांत भाग घेतलेल्या स्त्रीपुरुषांच्या जबान्या इ. स. १९५७ पर्यंत लिहून घेतल्या. अशा १७७३ जबान्या जमल्या. पुढें त्या मोहोरबंद करून ठेवण्यांत आल्या व इ. स. २००३ मध्यें अभ्यासकांस खुल्या झाल्या.

या जबान्या अमोल आहेत, परंतु त्या तीस-चाळीस वर्षांनंतर दिलेल्या आहेत, आणि मधल्या काळांत यादवी होऊन साक्षीदारांचे दोन पक्ष पडले होते, हें विसरून चालणार नाहीं. आपल्याकडे बखर व अस्सल पत्र यांच्या प्रामाण्यांत जो भेद केला जातो तोच येथेंही केला पाहिजे. प्रसंगाचा रंग जबानीवरून घ्यावा, तारीख व आंकडा समकालीन कागदावरून घ्यावा, हा नियम आम्हीं पाळला आहे.

२. पूर्वपीठिका

ही थोडक्यांतच सांगतों. इ. स. १८०० च्या कायद्यानें आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बुडाली व १ जानेवारी १८०१ पासून तो देश इंग्लंडशीं जोडला गेला. त्यापूर्वीं १७९८ मध्यें आणि नंतर १८०३, १८४८ व १८६७ मध्यें सशस्त्र उठाव झाले व ते सर्व फसले. १८४५ पासून बटाट्याचें पीक कुजून जो महादुष्काळ पडला त्यांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं व तितकींच देशोधडीस लागलीं. १८४१ साली ८० लाखांवर असलेली लोकसंख्या १९११ साली ४४ लाखांच्या आसपास उरली होती. अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या आयरिशांच्या मनांत या दुष्काळाचा दंश कायम राहिला, व पुढील चळवळीस पैसा त्यांच्याकडून आला.

१८५८ मध्यें ‘आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड’ हें गुप्त मंडळ स्थापन झालें. दुसरीकडे सनदशीर पक्षानें पार्लमेंटांत ‘होमरूल’ची, म्हणजे अंतर्गत स्वराज्याची, मागणी चालविली. १८८६ व १८९३ ची बिलें फेटाळलीं गेलीं. तिसरें १९१४ मध्यें मंजूर होऊन महायुद्धाच्या निमित्तानें तहकूब राहिलें. याखेरीज तिसरा एक विचार आर्थर ग्रिफिथ या पत्रकारानें १९०४ पासून मांडला होता. हंगेरीच्या लोकांनीं ऑस्ट्रियाच्या सभेवर बहिष्कार घालून आपलें राज्य परत मिळविलें, त्याप्रमाणें आयरिश सभासदांनीं लंडनला न जातां डब्लिनमध्येंच बसावें, आणि स्वतःची सभा व संस्था चालवाव्यात, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या ‘सिन फेन’ पक्षाच्या नांवाचा अर्थ ‘आपण स्वतः’ असा आहे. ग्रिफिथ हा त्या वेळीं प्रजासत्ताकवादी नव्हता व बंडवालाही नव्हता. परंतु प्रतिसरकाराचें बीज त्याच्या या विचारांत आहे.

३. इ. स. १९१६ चा उठाव

महायुद्ध सुरू झाल्यावर गुप्त मंडळांतील सात जणांनीं उठावाचा बेत केला. क्लार्क, मॅकडरमॉट, पियर्स, प्लंकेट, कीऑन्ट, कॉनोली व मॅकडोना हे ते सात होत. बेत इतका गुप्त होता कीं, ज्या स्वयंसेवक दलाच्या बळावर तो रचला त्या दलाचा प्रमुख ओवेन मॅकनील यासही त्याची खरी माहिती देण्यांत आली नव्हती. जर्मनीहून २०,००० बंदुका घेऊन आलेलें जहाज इंग्रजांनीं अडविलें व तें त्याच्या कप्तानानें बुडविलें. त्याच सुमारास किनाऱ्यावर उतरलेला सर रॉजर केसमेंट पकडला गेला. हें कळतांच मॅकनीलनें ईस्टरच्या रविवारीं सर्व हालचाली रद्द केल्याचें वर्तमानपत्रांत छापविलें. तरीही सात जणांनीं सोमवार, २४ एप्रिल रोजीं डब्लिनमध्यें उठाव केलाच. देशभर व्हावयाचें तें मुख्यतः एका शहरांत, हजार-दीड हजार माणसांनिशीं झालें. इंग्रजांनीं तोफा आणल्या. शहराचा मध्यभाग जळाला. आणि शनिवारीं, २९ एप्रिल रोजीं पियर्सनें शरणागति पत्करली. मेलेल्यांची संख्या सुमारें ४८५ ठरते, व त्यांत निम्म्याहून अधिक निःशस्त्र नागरिक होते.

शरण आलेल्या शिपायांस लोकांनीं हिणवलें ही गोष्ट अनेक जबान्यांत आली आहे. तीत नवल नाहीं. डब्लिनच्या गरीब वस्त्यांतील कितीतरी घरांचे पुरुष इंग्रजी सैन्यांत फ्रान्समध्यें लढत होते, व त्यांच्या बायकांचा निर्वाह सैन्याच्या भत्त्यावर चालला होता. तथापि कांहीं जबान्यांवरून सहानुभूतीचे आवाजही ऐकूं येतात. सगळ्या शहराचा सूर एकच नव्हता.

त्याच आठवड्यांतील शुक्रवारीं, म्हणजे २८ एप्रिल १९१६ रोजीं, बेळगांव येथें लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले व न. चिं. केळकर चिटणीस झाले. लीगचें नांव आयर्लंडच्या सनदशीर चळवळीवरून घेतलेलें होतें. त्याच सायंकाळीं डब्लिनची टपालकचेरी आगीच्या लोळांत सोडून बंडवाले बाहेर पडत होते. हा योग काकतालीय आहे, त्यावरून अनुमान काढावयाचें नाहीं. परंतु ज्या मागणीचें नांव बेळगांवांत उचललें गेलें, तिचा तिच्या जन्मभूमींत त्याच दिवसांत अस्त होऊं लागला होता, एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

४. लोकमत कसें पालटलें

जनरल मॅक्सवेल यानें लष्करी न्यायालयें बसवून नव्वद जणांस मरणाची शिक्षा फर्माविली, व ३ मे ते १२ मे या दहा दिवसांत पंधरा जणांस गोळ्या घातल्या. एकेक दोनदोन करून रोज नांवें जाहीर होत होतीं. केसमेंटला ३ ऑगस्ट रोजीं लंडनमध्यें फांशीं दिलें. हजारों लोकांस पकडलें. त्यांतील बऱ्याच जणांचा उठावाशीं कांहींच संबंध नव्हता. सुमारें अठराशें लोक इंग्लंड-वेल्समधील तुरुंगांत व छावण्यांत ठेवले गेले. वेल्समधील फ्राँगॉकच्या छावणींत निरनिराळ्या परगण्यांचे तरुण महिनोन्महिने एकत्र राहिले. पुढील लढ्याचे कित्येक नायक तेथें एकमेकांस प्रथम भेटले, आणि डिसेंबरांत सुटले तेव्हां त्यांच्या ओळखीचें जाळें देशभर विणलें गेलें होतें.

लोकमताचा पालट या फांशीगोळ्यांनीं सुरू झाला हें निर्विवाद आहे. परंतु तो तेवढ्यानें पुरा झाला नाहीं. १९१७ च्या पोटनिवडणुकींत उठावाच्या पक्षाचे उमेदवार यशस्वी होऊं लागले. एप्रिल १९१८ मध्यें आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादण्याचा कायदा झाला, तेव्हां शेतकरी, मजूर, पाद्री व जुने सनदशीर पुढारी हे सर्व एका बाजूस आले. २३ एप्रिल रोजीं देशव्यापी संप झाला. घराघरांतील मुलगा धोक्यांत आला तेव्हां जो शेतकरी हुतात्म्यांविषयीं केवळ हळहळत होता तो पक्षांत नांव नोंदवूं लागला. शिवाय त्याच वर्षीं मताधिकार वाढून आयर्लंडांतील मतदार सात लाखांच्या आसपास होते ते एकोणीस लाखांवर गेले व तीस वर्षांवरील स्त्रियांस मत मिळालें. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकींत १०५ जागांपैकीं ७३ सिन फेनला मिळाल्या. जुन्या होमरूल पक्षास सहा उरल्या. संघवाद्यांस २६ मिळाल्या. निवडून आलेल्यांत कॉन्स्टन्स मार्किएव्हिच ही स्त्री होती. ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली ती पहिली स्त्री होय. परंतु पक्षाच्या नियमाप्रमाणें ती तेथें गेली नाहीं.

५. सभा व खजिना

२१ जानेवारी १९१९ रोजीं डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्यें ‘डॉल एरन’, म्हणजे आयर्लंडची सभा, प्रथम भरली. सभासदांचीं नांवें पुकारलीं गेलीं तेव्हां पुष्कळांच्या नांवापुढें परकीयांच्या कैदेंत असल्याचें उत्तर आलें. उपस्थिति तीसपेक्षां कमी होती. सभेनें स्वातंत्र्याचा ठराव केला व मंत्री नेमले. त्याच दिवशीं टिपररी परगण्यांत सोलोहेडबेग येथें स्वयंसेवकांनीं स्फोटक द्रव्याच्या गाडीवरील दोन पोलिसांस ठार केलें. या कृत्यास सभेचा हुकूम नव्हता. एकाच दिवशीं राज्यसंस्था व शस्त्र यांचा आरंभ झाला आणि दोहोंचा एकमेकांशीं संबंध ठरलेला नव्हता. या गोष्टीचें फळ पुढें १९२२ मध्यें दिसेल.

खजिन्याचा मंत्री मायकेल कॉलिन्स होता. त्यानें आयर्लंडांत अडीच लाख पौंडांचें कर्ज उभारण्याचें ठरविलें. सप्टेंबर १९१९ मध्यें सभा बेकायदा ठरली; कर्जाची जाहिरात छापणारीं वर्तमानपत्रें बंद करण्यांत आलीं; तरीही साडेतीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. अमेरिकेंत डी व्हॅलेरा यानें दीड वर्ष हिंडून पन्नास लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. देशांतील कर्जांत लहान शेतकरी व दुकानदार यांच्या बारीक रकमांचा भरणा मोठा होता. हा पैसा ज्या पेढ्यांत निरनिराळ्या नांवांनीं ठेवला होता त्यांचा तपास करणारा मॅजिस्ट्रेट ॲलन बेल यास २६ मार्च १९२० रोजीं डब्लिनमध्यें ट्राममधून उतरवून गोळ्या घालण्यांत आल्या. एका वृद्ध अधिकाऱ्याचा हा भरदिवसा झालेला वध होता, व तो खजिन्याच्या रक्षणासाठीं झाला, या दोन्ही गोष्टी इतिहासानें नमूद केल्या पाहिजेत.

६. न्यायालयें

प्रतिसरकाराच्या सर्व अंगांत न्यायालयांची हकीकत सर्वांत बोधप्रद आहे. तीं वरून हुकूम होऊन निघालीं नाहींत. १९१९-२० च्या हिंवाळ्यांत पश्चिमेकडील परगण्यांत जमिनीचे तंटे पेटले. भूमिहीन लोक मोठ्या कुरणवाल्यांचीं गुरें हांकून लावूं लागले, कुंपणें मोडूं लागले. राष्ट्रीय चळवळीचें रूपांतर वर्गयुद्धांत होईल अशी भीति पुढाऱ्यांस पडली. क्लेअर वगैरे परगण्यांत स्थानिक लोकांनीं लवाद नेमले होतेच. सभेनें ते हातीं घेऊन जमिनीचीं न्यायालयें बसविलीं, आणि जून १९२० च्या ठरावानें सर्व देशासाठीं न्यायव्यवस्था घालून दिली. गांवच्या न्यायालयांत तीन स्थानिक पंच. वर जिल्हा न्यायालय. त्यावर श्रेष्ठ न्यायालय. ऑस्टिन स्टॅक हा या खात्याचा मंत्री होता. पंच म्हणून पाद्री बसत, शेतकरी बसत, स्त्रियाही बसत.

मेयो परगण्यांत बॅलिनरोब येथें मे १९२० मध्यें बसलेल्या न्यायालयाचें उदाहरण देतों. केव्हिन ओशील हा तेथील एक न्यायाधीश होता व पुढें त्यानें तें लिहून ठेविलें. भूमिहीनांनीं दोघां शेतकऱ्यांच्या जमिनीवर हक्क सांगितला होता. दावेदार हे राष्ट्रीय पक्षाचेच लोक होते. न्यायालयानें निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. त्यांनीं तो मानला नाहीं. तेव्हां स्वयंसेवकांनीं त्यांतील कांहीं जणांस नेऊन सरोवरांतील एका बेटावर कोंडून ठेविलें, व अखेर त्यांस निकाल मान्य करावा लागला. प्रतिसरकारानें आपल्याच अनुयायांविरुद्ध न्याय दिला, व तो अमलांत आणला, ही वार्ता पसरतांच मोठे जमीनदारही या न्यायालयांकडे वळूं लागले. त्यांत कट्टर संघवादी होते. राज्याची परीक्षा विरोधकाच्या विश्वासावरून होते. ती या न्यायालयांनीं १९२० च्या उन्हाळ्यांत उत्तीर्ण केली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच उन्हाळ्यांत इंग्रजी फिरतीं न्यायालयें ओस पडलीं. न्यायाधीश लष्करी पहाऱ्यांत येत. पंच येत नसत, पक्षकार येत नसत. शेंकडों मॅजिस्ट्रेटांनीं राजीनामे दिले. पोलिसांच्या गुप्त अहवालांतूनही लोक सिन फेनच्या न्यायालयांकडे जातात हीच कबुली आहे. बॅरिस्टरांच्या मंडळानें या न्यायालयांत उभें राहणें हा व्यवसायबाह्य आचार ठरविला होता. तरीही कायदेपंडित तेथें जात राहिले, कारण अशील तिकडे गेले होते.

या न्यायालयांनीं कायदा कोणता लावावा? २१ जानेवारी १९१९ रोजीं चालू असलेलाच कायदा तात्पुरता ठेवावा, परंतु इंग्रजी ग्रंथांचें प्रामाण्य न मानतां प्राचीन आयरिश स्मृति, रोमन कायदा व नेपोलियनची संहिता यांचा आधार घेतां यावा, असा नियम होता. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस येथें एक साम्य आढळेल. प्राचीन आयरिश स्मृतींत धनकोनें बलिष्ठ ऋणकोच्या दारांत उपाशी बसण्याचा विधि आहे, आणि आपल्याकडील धरण्याशीं त्याची तुलना सर हेन्री मेन यानें १८७५ मध्येंच केली होती. व्यवहारांत मात्र या स्मृतींचा उपयोग क्वचितच झाला. खेड्यांतल्या पंचांनीं मुख्यतः शेजारधर्म व सामान्य समज यांवर निकाल दिले.

स्थानिक कारभाराचीही हीच स्थिति झाली. १९२० च्या निवडणुकींत बहुसंख्य परगणामंडळें सिन फेनच्या हातीं आलीं, व त्यांनीं इंग्रजी खात्याशीं संबंध तोडून डॉलचा अधिकार मानला. इंग्रज सरकारनें अनुदानें बंद केलीं. रस्ते, इस्पितळें, अनाथगृहें यांस पैसा पुरेना. स्थानिक कारभाराचा मंत्री कॉसग्रेव्ह व त्याचा साहाय्यक केव्हिन ओहिगिन्स यांनीं काटकसरीनें व कडकपणानें हा गाडा कसाबसा ओढला. मे १९२१ मध्यें स्वयंसेवकांनीं डब्लिनचें कस्टम हाउस जाळलें, तें याच इंग्रजी खात्याचें दप्तर नष्ट करण्यासाठीं.

७. शस्त्र व त्याची मर्यादा

येथें पूर्वपक्ष असा येईल कीं, बंदूक नसती तर हीं न्यायालयें एक महिनाही टिकलीं नसतीं. हें आम्हांस मान्य आहे. १९२० च्या ईस्टरला शेंकडों रिकाम्या पोलीस-चौक्या व करवसुलीच्या कचेऱ्या एकदम जाळल्या गेल्या. खेड्यांतून सरकारी पोलीस उठले. त्या मोकळ्या झालेल्या भूमीवरच प्रतिसरकार उभें राहिलें. तसेंच ऑगस्ट १९२० च्या दडपशाहीच्या कायद्यानंतर, ‘ब्लॅक अँड टॅन’ व ‘ऑक्झिलिअरी’ या दलांच्या जाळपोळीच्या हिंवाळ्यांत, कित्येक ठिकाणीं हीं न्यायालयें बंद पडलीं किंवा कोठारांत, रात्रीं बसूं लागलीं. २५ ऑक्टोबर रोजीं मॅक्स्विनी ब्रिक्सटनच्या तुरुंगांत मरण पावला. २१ नोव्हेंबर रोजीं सकाळीं कॉलिन्सच्या माणसांनीं डब्लिनमध्यें इंग्रजी हेर म्हणून चौदा-पंधरा जणांस ठार केलें, आणि दुपारीं सरकारी दलानें क्रोक पार्कच्या मैदानांत खेळ पाहणाऱ्या जमावावर गोळीबार करून चौदा जीव घेतले. अलीकडील बारकाईच्या गणनेप्रमाणें १९१६ ते १९२१ या काळांत या लढ्यांत २८५० माणसें मेलीं, व त्यांत निःशस्त्र नागरिकांचा भरणा मोठा आहे.

परंतु केवळ बंदूकच कारण मानली तर तिचें कार्य सर्वत्र दिसावयास पाहिजे. येथें अन्वयव्यतिरेकानें पाहूं. जेथें जेथें डॉलचा हुकूम चालला तेथें तेथें इंग्रजी सत्ता पोकळ झाली, हा अन्वय. आतां व्यतिरेक पाहावा. ईशान्येकडील सहा परगण्यांतही स्वयंसेवक होते, चकमकी झाल्या, जाळपोळ झाली. परंतु तेथील बहुसंख्य संघवादी लोकांनीं डॉलला कधींच आपली सभा मानलें नाहीं, तिच्या न्यायालयांत ते गेले नाहींत, तिचे रोखे त्यांनीं घेतले नाहींत. तेथें इंग्रजी सत्ता हालली नाहीं. डिसेंबर १९२० च्या कायद्यानें तो प्रदेश वेगळा काढला गेला, व जून १९२१ मध्यें बादशहाच्या हस्ते त्याच्या पार्लमेंटचें उद्घाटन झालें. प्रतिसरकाराची हद्द जेथें संपली, बहुतांशीं तेथेंच पुढें फाळणीची रेषा पडली. आणि कांहीं राष्ट्रीय मताचे परगणे त्या रेषेपलीकडे अडकले त्याचें दुःख पुढें दीर्घकाळ राहिलें. संमति हें राज्याचें मूळ आहे, व ती बंदुकीनें उत्पन्न करतां येत नाहीं, हा या व्यतिरेकाचा अर्थ आम्ही घेतों.

८. तह, यादवी व दप्तराचा नाश

११ जुलै १९२१ रोजीं तहकुबी झाली व डिसेंबरांत तह झाला. आयर्लंडास कॅनडासारखें वसाहतीचें स्वराज्य मिळालें. परंतु सभासदांनीं राजनिष्ठेचा उल्लेख असलेली शपथ घ्यावी अशी अट राहिली. ७ जानेवारी १९२२ रोजीं डॉलनें ६४ विरुद्ध ५७ मतांनीं तह मंजूर केला. डी व्हॅलेरा व त्याचा पक्ष बाहेर पडला.

वर सांगितलेलें वैगुण्य आतां उघडें झालें. सैन्यानें १९१९ पासून सभेची शपथ घेतली होती खरी. पण त्याच्या कृत्यांची जबाबदारी सभेनें उघडपणें मार्च १९२१ मध्यें स्वीकारली. सैन्य मनानें सभेच्या कह्यांत कधींच पुरें आलें नव्हतें. मार्च १९२२ मध्यें तहविरोधी सैनिकांनीं परिषद भरवून सभेचा अधिकार झुगारला, व एप्रिलांत डब्लिनचें ‘फोर कोर्ट्‌स’ हें न्यायमंदिर व्यापलें. २८ जून रोजीं नव्या सरकारनें इंग्रजांकडून घेतलेल्या तोफा त्यावर डागल्या. यादवी सुरू झाली. १२ ऑगस्टला ग्रिफिथ वारला. २२ ऑगस्टला कॉलिन्स कॉर्क परगण्यांत आपल्याच देशबांधवांच्या गोळीनें पडला. मे १९२३ मध्यें यादवी थांबेपर्यंत राष्ट्रीय सरकारनें सत्तराहून अधिक आयरिश कैद्यांस गोळ्या घातल्या. ही संख्या मॅक्सवेलच्या पंधरांहून किती मोठी आहे हें वाचकांनींच पाहावें.

याच यादवींत राष्ट्रीय न्यायालयांचाही अंत झाला. जुलै १९२२ मध्यें त्यांतील एका न्यायाधीशानें पकडलेल्या तहविरोधी कैद्यास न्यायालयापुढें आणण्याचा हुकूम दिला. सरकारनें तो मानला नाहीं. श्रेष्ठ न्यायालयच रद्द केलें. परकी सत्तेच्या डोळ्यांदेखत जें न्यायासन दोन वर्षें चाललें तें स्वकीय सत्तेनें एका हुकुमानें मोडलें. राज्य मिळविण्याच्या कामीं ज्या संस्था उपयोगी पडल्या त्या राज्य मिळाल्यावर टिकतीलच असें नाहीं, हें यावरून दिसतें.

इतिहास-संशोधकांस आणखी एक घाव सोसावा लागला. फोर कोर्ट्‌सच्या आवारांत आयर्लंडचें राष्ट्रीय दप्तरखानें होतें. ३० जून रोजीं स्फोट होऊन तें जळालें. तेराव्या शतकापासूनचे कागद, १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारींची बहुतेक सर्व पत्रकें, पुष्कळ चर्चांचीं जन्ममृत्यूचीं पुस्तकें राख झालीं. दोष सुरुंगाचा कीं तोफांचा हा वाद आहे. गेलेले कागद दोन्ही पक्षांचे होते. शंभर वर्षांनंतर, २०२२ मध्यें, अन्य दप्तरांतील नकलांवरून त्या खान्याची संगणकावर पुनर्रचना करून ती लोकांस खुली करण्यांत आली, हें स्तुत्य आहे.

९. समारोप

१९१६ च्या हौतात्म्यानें लोकांचें मन वळविलें. १९२० च्या शस्त्रानें इंग्रजी यंत्र अडविलें. परंतु इंग्रजांस तह करण्यासाठीं समोर कोणीतरी राज्यकर्ता लागतो, तो प्रतिसरकारानें निर्माण केला. कर्ज काढणारी, निकाल देणारी, रस्ते दुरुस्त करणारी सभा अडीच वर्षें नसती, तर १९२१ मध्यें लंडनला बोलावण्यास पुढारी असते, पण त्यांच्यामागें राज्य नसतें. आणि त्याच संस्थांची संवय लोकांच्या अंगीं मुरल्यामुळें यादवीनंतरही देश सेनापतींच्या हातीं गेला नाहीं. मार्च १९३२ मध्यें कॉसग्रेव्हनें निवडणूक हरतांच राज्यकारभार डी व्हॅलेराच्या हातीं दिला. नऊ वर्षांपूर्वीं ज्यांनीं एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या त्यांच्यांत ही देवघेव शांतपणें झाली, व सैन्यानें ती मानली. १९४९ मध्यें प्रजासत्ताक जाहीर झालें. उत्तरेकडील रक्तपात मात्र पुढें पुन्हां उसळला व १९९८ च्या करारानें बव्हंशीं शमला. संमतीचा प्रश्न १९२१ मध्यें अर्धवट राहिला होता. त्या करारानें सीमेचा निर्णय तेथील बहुसंख्येच्या संमतीवर ठेविला आहे.

शेवटीं एक विनंति. आयरिश सरकारनें साक्षीदार जिवंत असतां त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या म्हणून जळलेल्या दप्तराची थोडीतरी भरपाई झाली. आपल्याकडील प्रतिसरकाराच्या न्यायदान-मंडळांचे निकालपत्र, पावत्या, टिपणें ज्यांच्या घरीं पेट्यांतून पडून असतील त्यांनीं तीं कोणत्याही सार्वजनिक संग्रहाच्या स्वाधीन करावींत. गांवचे पंच कोण होते, तंटा कशाचा होता, निकाल कोणाविरुद्ध गेला व तो पाळला गेला किंवा नाहीं, एवढ्या चार गोष्टी अशा शंभर कागदांवरून कळल्या, तर दोन्ही देशांच्या प्रतिसरकारांची तुलना अनुमानावर न राहतां पुराव्यावर करतां येईल.